वरची माती

कोर्नास, ९ ऑक्टोबर १९५७

प्रिय रोझीन,

पाकीट बघून तुला वाटेल, कोण गेलं. कुणी गेलं नाही. गेला तो बांध.

परवा संध्याकाळी असा पाऊस कोसळला की आपले पाद्रीबाबा प्रार्थना अर्धी टाकून तळघरातली पिंपं बघायला पळाले. द्राक्षं आठवड्यापूर्वीच खुडून झाली होती, तेवढं नशीब. पण माझ्या मळ्याचा मोठा बांध, आजोबांनी रचलेला, पोट फुगल्यासारखा पुढे आला आणि बसला. सगळी माती घसरून खाली तुझ्या मळ्यात. तुझ्या वेली गुडघाभर मुरमात उभ्या आहेत आणि माझ्या वेलींची मुळं उघडी पडली आहेत. मला बघवत नाही.

रिवाज तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, शहरात राहून माणसं विसरतात. जानेवारीत संत व्हँसांचा सण येईपर्यंत ती माती माझी. सणानंतर ती जिथं पडली त्याची. बार्नाबे तुझा मळा अर्ध्या वाट्यानं कसतो, तेव्हा त्याला तूच कळव की तोवर नांगर घालायचा नाही. मुळांवर माती पडली नाही तर त्या वेली उन्हाळा काढणार नाहीत. आजोबांच्या हातच्या आहेत त्या.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो.

झेली


ल्यों, १५ ऑक्टोबर १९५७

प्रिय ताईसाहेब,

तुझं पत्र खाणावळीत, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर वाचलं आणि मोठ्यानं हसले. रागावू नकोस. रागावलीस तरी इथून दिसत नाही.

बाबांनी वाटणी केली तेव्हा वरचा मळा तुला दिला, खालचा मला. का, तर तू गावात राहिलीस आणि मी मॉरिसचा हात धरून ल्योंला पळाले. मॉरिस गेला, बाबा गेले, वाटणी तशीच. आता बघ! बाबांनी जे दिलं नाही ते पावसानं दिलं. वरचा मळा स्वतःच्या पायानं माझ्याकडे चालत आला. मी का परत पाठवू?

इथं लोक काय म्हणतात माहितीय? माझ्या मळ्यातली वाइन दुसऱ्या वर्षीच गोडीगुलाबीनं घशाखाली उतरते. सगळे पितात, 'छान' म्हणतात आणि विसरतात. तुझी काळीकुट्ट, तुरट, पहिली पाच वर्षं तोंडात धरवत नाही. आणि दहा वर्षांनी तीच बाटली उघडली की माणसं बोलायची थांबतात. काल तुझी सत्तेचाळीसची उघडली. कोपऱ्यातला म्हातारा शिंपी, जो माझ्या स्वयंपाकाला कधी 'बरा' म्हणाला नाही, त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "ही तुझ्या बहिणीची ना?" मला त्याच्या डोक्यावर बाटली घालावीशी वाटली.

नदीपलीकडच्या एर्मिताजच्या मळेवाल्यांवर अख्खं कोर्नास जळतं. राजेरजवाडे त्यांची वाइन प्यायले आणि आपल्याला कुणी विचारलं नाही, हे दुःख आपल्याला दुधाबरोबर पाजतात. आणि कोर्नासात खालचे वरच्यांवर जळतात. मग मी जळले तर काय बिघडलं? मी चांगली कोर्नासची मुलगी आहे.

बार्नाबेला कळवते, नांगर घालणार नाही. रिवाज मोडणारी मी नव्हे. पण संत व्हँसां दूर नाही, आणि तुझा गुडघा मला ठाऊक आहे. मदत हवी असेल तर सांग, म्हणजे मला 'नाही' म्हणता येईल.

तुझी (खालची) रोझीन


कोर्नास, ३ नोव्हेंबर १९५७

रोझीन,

मदत नको. बांध पुन्हा रचून घेतला. दगडाला गवंडी चालतो, मातीला चालत नाही. माती घरच्याच पाठीवरून वर जाते. मजुरानं वाहिलेली माती वेलींना लागत नाही असं आई म्हणायची, आणि गावात अजून सगळे तेच मानतात. घरची मी एकटी. म्हणून मी एकटीच वाहते.

सकाळी टोपली पाठीला बांधते, तुझ्या मळ्यात उतरते, भरते, चढते. वाट तीच, शेळ्यांची. मध्ये दम लागला की बसते आणि तुझ्या वेलींकडे बघते. सपाट जमीन, घोडा सरळ जातो, पाणी धरून राहतं. तुला वाटतं बाबांनी मला सोनं दिलं. बाबांनी मला चढ दिला. तू लहानपणी दमून रडायचीस म्हणून तुला सपाट दिलं. ते म्हणाले होते, "हिला सोपं द्या." मला कुणी सोपं दिलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस.

शिंप्याला सांग, सत्तेचाळीसची आणखी दोन वर्षं थांबायला हवी होती.

झेली


ल्यों, १२ नोव्हेंबर १९५७

बार्नाबे,

काल संत मार्टिनचा दिवस झाला, म्हणजे आपला करार आणखी एक वर्ष पुढे गेला. लखलाभ.

एक काम कर. झेली रोज माझ्या मळ्यातून माती उचलते. ती किती झाली, किती उरली, मला कळवत जा. बाईमाणूस पन्नाशी ओलांडलेलं, गुडघ्यानं अधू, सणापर्यंत तिच्यानं अर्धीसुद्धा होणार नाही. तू मध्ये पडू नकोस. मदतीला जाऊ नकोस. तुझं भलेपण मला ठाऊक आहे म्हणून सांगते. शाळेत माझं दप्तर उचलायचास ते अजून माझ्या लक्षात आहे.

रोझीन


कोर्नास, २० नोव्हेंबर १९५७

रोझीन,

वेली ठीक. माती कमी होते आहे. नांगर घातला नाही. खालच्या टोकाला कोल्हा येतो.

बार्नाबे


ल्यों, ८ डिसेंबर १९५७

प्रिय झेली,

बार्नाबेचं पत्र आलं. त्यापेक्षा कोल्ह्यानं जास्त सविस्तर लिहिलं असतं. तुझी वाइन तरी दहा वर्षांनी तोंड उघडते.

पण एवढं कळलं की माती कमी होते आहे. परवा पोस्टमनची बहीण इथं बाजाराला आली होती, ती म्हणते अर्ध्याहून जास्त वर गेली. मला खरं वाटेना. तू काय खातेस? की माझ्या मातीला पंख फुटले? हो, माझी म्हणते. मी मनातल्या मनात तिथं वेली वाढवल्यात. त्यांची वाइन काळी झाली आहे, शिंप्यानं माझ्यासाठी टोपी काढली आहे. आणि तू रोज एकेक टोपली माझ्या स्वप्नातून उचलून नेतेस.

नाताळला येत नाही. खाणावळीत गर्दी असते. शिवाय तू बोलावलं नाहीस.

रोझीन


कोर्नास, १८ डिसेंबर १९५७

रोझीन,

तुला यायला कधीपासून बोलावणं लागतं? घर जिथं होतं तिथंच आहे.

मातीला पंख नाहीत. रोज थोडी थोडी जाते. इथं थंडी चांगलीच पडली, सकाळी मुरूम दगडासारखा कडक असतो, कुदळ मारावी लागते. पाठीला फार लागायला लागलं, म्हणून रात्री बसून दोन्ही टोपल्यांना आतून मेंढीचं कातडं शिवलं. आता बरं वाटतं. रविवारी चेस्टनट भाजले, शेळीचं चीज होतं, गेल्या वर्षीची वाइन उघडली. अजून तोंड वाकडं होतं तिनं, पण हसत हसत संपली.

नाताळच्या शुभेच्छा. गळ्याला फडकं गुंडाळत जा.

झेली


ल्यों, २३ डिसेंबर १९५७

बार्नाबे,

झेलीला पाठ एक. टोपल्या दोन. दुसरी कुणाची?

मला उत्तर माहीत आहे. तिच्या हातून तुझं नाव सुटलं नाही, पण दुसरी टोपली सुटली. माझ्या कुठल्याच विनोदावर न हसलेली माझी बहीण, त्या कडवट नव्या वाइनवर हसत होती म्हणे. एकटीनं कुणी हसतं?

तू माझा मळा कसतोस आणि माझ्याच मळ्यातली माती पाठीवर घालून तिच्याकडे पोचवतोस. लाज नाही वाटत? इतकी वर्षं तू लग्न केलं नाहीस ते कुणामुळे, हे सगळं कोर्नास जाणतं. मी कधी बोलले नाही. मॉरिस होता तेव्हा बोलणं बरं दिसलं नसतं, आणि तो गेल्यावर मला वाटलं, आहेच तिथं, कुठं जातोय.

आणखी एक टोपली वर गेली तर करार मोडला समज.

रोझीन


कोर्नास, २ जानेवारी १९५८

रोझीन,

दुसरी टोपली माझी.

तिनं बोलावलं नाही. मी दोन दिवस खालून बघत होतो. ती चढायची, बसायची, चढायची. तिसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन गेलो. ती म्हणाली, "घरचं माणूस लागतं, बार्नाबे." मी म्हटलं, "मग कर घरचा." तिनं माझ्या टोपलीचे पट्टे ओढून बघितले. मग म्हणाली, "भर जास्त घेऊ नकोस, वाट निसरडी आहे."

पहिली टोपली वर नेली तेव्हा रस्त्यावरून दोघंतिघं बघत होते. गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. पाद्रीबाबा वसंतात लग्न लावतील.

मी कुणासाठी थांबलो नव्हतो. तुझं दप्तर उचललं, कारण तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं. तुला दुखवायला लिहीत नाही, तू विचारलंस म्हणून लिहितो.

करार मोडायची तसदी नको. मीच सोडतो. छाटणी पुरी करून देतो. अवजारघराची किल्ली पाद्रीबाबांकडे ठेवली आहे. तुझा मळा चांगला आहे, माणूस मिळेल.

कोल्हा गेला.

बार्नाबे


ल्यों, ६ जानेवारी १९५८

झेली,

अभिनंदन. हा शब्द लिहिताना टाक कागदात रुतला, भोक पडलं आहे, बघ.

तुला सगळंच कसं गं मिळतं? वरचा मळा तुला. बाबांची शेवटची वर्षं तुला. ते मला ओळखायचे बंद झाले होते, पण तुझा आवाज ऐकला की मान वळवायचे. दहा वर्षं कुणी ढुंकून बघत नाही आणि मग सगळ्यांच्या टोप्या तुझ्यासमोर. आणि आता तो मुका, लांबुडका, कोल्ह्यांचा हिशेब ठेवणारा माणूससुद्धा तुला! मी सगळ्यांशी गोड बोलले. लवकर फुलले, लवकर प्यायले गेले. तू तोंड वाकडं करून बसून राहिलीस आणि जग तुझ्याकडे चालत आलं.

जळते मी. हो, जळते. पोस्टमनला वाचून दाखव हवं तर, पाद्रीबाबांना दाखव, चर्चच्या दारावर लाव. काल रात्री कांदे चिरताना रडले आणि कांद्यांना दोष दिला.

आणि लपवलंस माझ्यापासून! मी तीन महिने टोमणे मारत होते आणि तू गालात हसत कातडं शिवत होतीस. त्याला घरचा केलंस. केवढ्यात? एका टोपलीत!

पुन्हा लिहू नकोस.

रोझीन


कोर्नास, १४ जानेवारी १९५८

रोझीन,

लिहिते.

लपवलं खरं. तू हसली असतीस म्हणून. ह्या वयात माझं असं काही व्हावं हे मलाच हसण्यासारखं वाटत होतं, त्यात तू ते खाणावळीत मोठ्यानं वाचलं असतंस. तुझ्या हसण्याची मला लहानपणापासून भीती वाटते. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं का?

आणि बार्नाबे तुला कधी हवा होता गं? तू त्याला वेलीची काठी म्हणायचीस. तुला तो हवा नव्हता, फक्त दुसऱ्या कुणाला मिळायला नको होता. हे मी रागानं म्हणत नाही. मलाही तुझ्याबद्दल तसंच वाटायचं. तुझा मॉरिस मला आवडत नव्हता, पण तुम्ही निघून गेलात त्या दिवशी मी तळघरात जाऊन बसले आणि जेवायला वर आले नाही.

आता मातीचं. सगळी वर गेली, एवढी सोडून : तुझ्या मळ्यात, अक्रोडाच्या झाडाजवळ, एक ढीग उरवला आहे. माझ्या सगळ्यात वरच्या रांगेला पुरेल इतका. त्या रांगेची मुळं अजून उघडीच आहेत, गोणपाट टाकून झाकली आहेत. बार्नाबे उचलायला गेला तेव्हा मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, सण तोंडावर आला. मी म्हटलं, राहू दे.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मळ्यातच असू. आलीस तर टोपली आहे.

झेली


ल्यों, २४ जानेवारी १९५८

झेली,

मी आले होते.

तुला माहीत नाही, कारण मी तशीच परत गेले. सणाच्या आदल्या दिवशी खाणावळीला कुलूप लावलं. मॉरिसची जुनी विजार घातली, मासळीबाजारातून एक टोपली घेतली, स्वच्छ घासली, तरी वास येत होता. ती पाठीला लावून आगगाडीत बसले. डब्यातली एक बाई जागा बदलून गेली. व्हालांसला उतरून बस पकडली, गावाच्या वेशीवर उतरले, आणि अक्रोडापर्यंत येऊन वर बघितलं.

तू नव्या बांधावर बसली होतीस. तो खाली वाकून तुझ्या गुडघ्याला काहीतरी बांधत होता, तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. आणि तू मान मागे टाकून हसत होतीस. दात दिसत होते तुझे! चाळीस माणसांची खाणावळ मी रोज हसवते, आणि तुला एकदाही नाही. त्यानं काय सांगितलं एवढं? कोल्ह्याचं?

ढीग माझ्या पायाशी होता. चार पावलं टाकली असती तर तुम्हाला हाक ऐकू गेली असती. माझ्यानं झालं नाही. टोपली बसथांब्यावर ठेवली, कुणी नेली असेल तर त्याला मासळीचा वास लाभो.

बसमध्ये कळलं मला काय होतंय ते. तू म्हणतेस तसं अर्धं बरोबर आहे. बार्नाबे मला नको होता. पण दुसऱ्याला मिळू नये म्हणूनही मी जळत नव्हते, झेली. मी त्याच्या टोपलीवर जळत होते. तुझी माती त्यानं वाहिली. घरचं माणूस लागतं, आणि तू पहिल्याच पत्रात रिवाज लिहून पाठवलास, नांगराचं लिहिलंस, गुडघ्याचं लिहिलंस, आणि 'ये' एवढं एक सोडून सगळं लिहिलंस. 'घरची मी एकटी' असं लिहिलंस! मी कोण होते? मी ते टोमणे कशासाठी मारत होते असं वाटलं तुला? मदत सांग म्हणजे नाही म्हणता येईल, असं लिहिलं होतं मी. तू सांगितली असतीस तर मी त्याच रात्रीच्या गाडीनं आले असते, आणि सगळ्या वाटेत तुला शिव्या घालत टोपल्या वाहिल्या असत्या.

तू कधीच कुणाकडे काही मागत नाहीस. आईच्या आजारपणात नाही, बाबांच्या नाही. त्याच्याकडेही मागितलं नाहीस, तो आपला आपण आला. मी त्याच्याइतकी भली नाही. मला मागावं लागतं. 'आलीस तर टोपली आहे', हे काय मागणं झालं? माझ्या दारात येणाऱ्या भिकाऱ्यालासुद्धा मी ह्याहून बरं बोलावते.

आता सण होऊन गेला. तो ढीग माझा झाला, रिवाजानं. तुझ्या वरच्या रांगेची मुळं उघडी आहेत हे मला ठाऊक आहे आणि मला झोप लागत नाही, आजोबांच्या वेली माझ्याही आहेत. पण बार्नाबेनं त्यातली चिमूटभर उचलली तर ती चोरी. तू उचललीस तरी चोरी.

ती माती वर न्यायचा आता एकच रस्ता आहे. माझ्याकडे मागायची. 'यायचं तर' नको, 'आलीस तर' नको. सरळ माग. एकदा तरी माझ्याकडे काही माग गं.

रोझीन


कोर्नास, २८ जानेवारी १९५८

रोझीन,

तुझी माती मला दे. रविवारी दुपारच्या गाडीनं तुला न्यायला ल्योंला येते. बार्नाबे म्हणाला, मी पण येतो. मी नको म्हटलं.

माझ्यानं एकटीनं होत नाही. ये.

झेली